थांबायची जागा

“ताई, जरा थांबता का? तुमच्या लेकीची एक गंमत सांगायचीय.”

उपासना संपली होती. मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर चपला शोधत, पोरांना हाका मारत होती. रविवारच्या शाळेच्या बाई दारातच आडव्या आल्या, तशी ती पिशवी सावरत उभी राहिली.

“प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणते हो पोरगी, पण क्षमेची ओळ आली की गप्प! म्हटलं, विसरलीस का गं? तर मलाच शिकवते, ‘विसरले नाही बाई, तिथे थांबायचं असतं. माझी आई थांबते.’ आता तिचं बघून अख्खा बाक थांबतो!”

बाई खळखळून हसल्या. तीही हसली, नुसती ओठांनी.

तेवढ्यात आतल्या शेवटच्या बाकावरून कुणी उठलं आणि लंगडत बाजूच्या दाराने निघून गेलं. तिने मान वळवली नाही. ते पाऊल तिच्या ओळखीचं होतं. पाठचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल तो चालवत होता, मागे तिचा नवरा बसला होता. भावाचं पायावर निभावलं. नवरा घरी आलाच नाही. तेव्हापासून भावाला बहिणीचं दार नाही, बहिणीला भावाची वाट नाही.

नवरा गेला तेव्हा तिने एकच हट्ट धरला होता : पोरीच्या तोंडचं देवाचं नाव सुटता कामा नये. ताटावर बसताना आभार, वेणी घालताना एखादं वचन, दिवेलागणीला प्रार्थना. आपण मुकं झालो तरी चालेल, लेकरू बोलतं राहो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा दिव्यासमोर धरताच तिला दिसे. मांडीला मांडी लावून बसलेल्या लेकराचं गप्प तोंड मात्र तिला कधी दिसलं नव्हतं. प्रार्थनेत डोळे मिटलेले असायचे ना!

दुपारी ती भांडी विसळत होती, लेक पुसत होती.

“आई, बाई रागावल्या का?”

“नाही गं.”

“मग तुझा चेहरा दुकान बंद झाल्यासारखा का?”

“उगाच काही बोलू नकोस, चिमणे. ती ताटली नीट पूस.” मग नळाकडे बघतच, “तू तिथे का थांबतेस?”

“बाबांसाठी,” लेक सहज म्हणाली. “कुणी गेलं की सगळे गप्प उभे राहतात ना, तसं. तू पण बाबांसाठीच थांबतेस ना?”

नळ वाहत राहिला. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. लेक खूश झाली असती, बाईंचे डोळे भरले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं. तिने नळ बंद केला.

“नाही. बाबांसाठी नाही. ती ओळ माझ्या तोंडून निघत नाही.”

“अवघड आहे?”

“आम्ही सगळ्यांना माफ केलं, तसं तू आम्हाला कर, असं म्हणायचं असतं तिथे. आणि मी तर मामाला केलेलं नाही.”

लेक विचारात पडली. “मामाने मुद्दाम पाडलं बाबांना?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. कळतं मला सगळं. तरी निघत नाही.”

“देवाला सांगितलंस?”

“त्याला न सांगता कळतं.”

“मला नव्हतं कळलं,” लेक म्हणाली, आणि हातातली ताटली पुन्हा पुसायला लागली.

संध्याकाळी दोघी चटईवर बसल्या. खोलीत पूर्वीपेक्षा जागा जास्त होती. ती कशानेच भरत नव्हती.

“आज त्या ओळीला थांबू नकोस हं,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मी थांबेन. तू पुढे जा.”

“एकटीच?”

“एकटीच.”

दोन आवाज मिळून निघाले. रोजची भाकर मागायची ओळ झाली. तिचा आवाज थांबला. बारीकसा, किंचित कापरा एकच आवाज पुढे गेला. क्षमेचा एकेक शब्द पाय चाचपत टाकावा तसा टाकत पार गेला. तिने पहिल्यांदाच प्रार्थनेत डोळे उघडले.

ओळ संपली होती. लेक डोळे घट्ट मिटून, हात जोडून गप्प बसली होती. पुढच्या ओळीपाशी ती आईची वाट बघत होती.