निवडलेली कालवं
ताईने कालवांची टोपली धाकट्या भावाच्या पायाशी आदळली. दोन-चार कालवं घरंगळत ओट्याखाली गेली.

“काल रात्री दोन गिऱ्हाइकं ओकली. आत्ता फोन आला होता. मेलेलं कालव ताटात जातंच कसं?”

समोरच्या खाडीतून रोज कालवं काढून आणायचं काम धाकट्याचं. त्याने वाकून सांडलेली कालवं गोळा केली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किनाऱ्यावरच्या या सहा बाकांच्या हॉटेलात लोक कच्ची कालवं खायचे, ती निव्वळ भरवशावर.

“मिठाची गुळणी धरलीस का? पार नाक कापलंस आमचं.”

“टोपली इथेच राहू दे. निवडून देतो.”

“आता निवडतोस? एवढे दिवस झोपा काढल्यास?”

तिने टोपली ओढत बाहेर नेली. बाहेर बाबा उभ्याने कालवं फोडत होते. सुरी घालायची, शिंपला उघडायचा, नाकाशी धरायचा आणि मगच बर्फावर मांडायचा. तीस वर्षं हेच. बाबांच्या नाकातून खराब कालव सुटत नाही, असं गिऱ्हाइकंच एकमेकांना सांगायची. म्हणून तर तिचा सगळा राग धाकट्यावर होता.

बाबांनी नव्या टोपलीतलं एक फोडलं, नाकाशी धरलं, मान डोलावली आणि बर्फावर ठेवलं.

ताई हातभर अंतरावर लिंबं चिरत होती. तिला तिथूनच घाण आली. बाबांनी तोवर दुसरं हातात घेतलं होतं. तिने ते बर्फावरचं उचलून बादलीत टाकलं आणि आत गेली.

“किती दिवस झाले?”

“दोन महिने,” धाकटा म्हणाला. “त्या तापानंतर बाबांना वासच येत नाही. मी निवडून देत होतो. काल दोन सुटली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ओरडली असतीस. त्यांच्यावर.”

ताईला स्वतःचीच चीड आली. ती हात धुऊन बाहेर आली.

“बाबा, आजपासून तुम्ही नुसती फोडा. मांडायचं मी बघते.”

“का गं?”

“तुमचा हात भराभर चालतो. मांडण्यात वेळ जातो, लोक ताटकळतात.”

बाबांनी बादलीकडे पाहिलं. मग फोडलेलं कालव नाकाशी न नेता तिच्या हातात दिलं.

“बरं,” ते म्हणाले. “मांडताना वास मात्र घेत जा.”