पुलावरचे कलश

लारेडोच्या सीमापुलावर सकाळी तस्करांच्या टोळीचा एक टेहळ्या पकडला गेला. त्याच्या वहीत पुलावरच्या प्रत्येक तपासनिसाची नोंद होती.

"आपण त्यांची कुंडली मांडायला बसलोय, आणि मेल्यांनी आपलीच मांडून ठेवलीय!" तपासनीस रोहेलिओ हसत वाचू लागला. "हे माझं बघ. 'अकरानंतर भुकेला, डिकी उघडत नाही.' आता तुझं ऐक, ओफेलिया."

ओफेलिया गालात हसली. वीस वर्षांत तिनं साधा मिठाईचा डबाही न उघडता सोडला नव्हता.

"'सगळं उघडते, फक्त अस्थिकलश नाही. छातीवर क्रूस काढते आणि सोडते. अकरा कलश पार. सगळ्यांत माल.'"

कलश क्ष-किरण यंत्रातून तपासायचा नियम होता, पण मेलेल्या माणसाची कसली झडती घ्यायची, म्हणून ती तो पाळत नसे. काळ्या कपड्यांतल्या त्या रडणाऱ्या बायका! एकीला तर तिनं स्वतः पाणी पाजलं होतं.

"भवान्या!" ती कडाडली. "एकेकीला झिंज्या धरून आणते बघ!"

रोहेलिओ आता हसत नव्हता. त्यानं वही तिच्यापुढे सरकवली. शेवटची ओळ होती: 'बारावा ओफेलियानेच आणला, स्वतःच्या गाडीतून. कुणी अडवलं नाही.'

गेल्या महिन्यात पलीकडच्या मावसभावानं, एलिसेओनं, एर्मिनिया मावशीचा कलश तिच्या हाती दिला होता. "आईला तुझ्याच हातानं ने गं ताई." तिनं तो शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि पूल संपेपर्यंत ती त्याच्याशी बोलत आली होती.