चालू वस्तूंची यादी

सातव्या वहीवर बाईंचं लाल पेन थांबलं.

'पंखा, बंद. टीव्हीचा लाल दिवा, बंद. आजोबांच्या खोलीतलं घुरघुरणारं मशीन, बंद. विचारलं होतं. गरज नाही म्हणाले.'

विज्ञानाच्या बाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मागच्या पालकसभेला या मुलीची आई धापा टाकत आली होती. सासऱ्यांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलंय, त्यांचं आवरून येईतो उशीर झाला, म्हणाली होती.

वीज वाचवायचा हा गृहपाठ बाईंच्याच डोक्यातून निघालेला. शाळेला निघण्याआधी घरातली एकेक चालू वस्तू पाहायची, मोठ्या माणसांना विचारायचं, 'याची आत्ता गरज आहे का?', आणि नाही म्हणाले की बटण बंद. आज पहिलाच दिवस. पाचवीच्या वर्गाने हे भलतंच मनावर घेतलं होतं आणि त्यातही ही पोरगी म्हणजे कहर. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गांतले पंखे बंद करत हिंडायची, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. एकदा तर तिने मुख्याध्यापकांच्या खोलीतला दिवा ते आत बसलेले असतानाच घालवला होता, आणि बाई पोट धरधरून हसल्या होत्या.

आता घड्याळात साडेआठ वाजले होते. पोरगी सातला घर सोडते.

"फौजदार, घरी कोण आहे गं आत्ता?"

"आजोबा. आईबाबा सहालाच जातात. दहा वाजता शेजारच्या काकू येऊन बघून जातात."

"किल्ली असते ना तुझ्याकडे? दे जरा."

मुलीने गळ्यातली दोरी काढून हातावर ठेवली. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"बाई, माझं काही चुकलं?"

"नाही गं," बाई म्हणाल्या.

शिपाईमावशींना वर्गावर बसवून त्या निघाल्या. आईचा फोन नुसताच वाजत होता. चालता चालताच त्यांनी रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला आणि मग चक्क पळू लागल्या. पन्नाशीची बाई, खांद्यावरून घसरणारी पर्स, लोक वळून वळून बघत होते. बघेनात का. चाळीस मुलं, चाळीस घरं. आणखी कुणी कुठे काय बंद केलं असेल, हा विचार मनात आला आणि त्यांना धडकीच भरली.

घर शाळेमागच्या दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. घाईत बाईंनी किल्ली आधी उलटीच घातली.

आजोबा भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. ओठ निळसर पडलेले. बटण दाराशी होतं आणि ते पलंगापासून अर्ध्या वाटेपर्यंतच पोचले होते. बाईंनी बटण दाबलं. मशीनने एक बारीक शिट्टी मारली आणि ते घुरघुरू लागलं. नळी त्यांच्या नाकाशी लावून बाई तिथेच बसल्या. आजोबांची बोटं धरून ठेवली. ती गार होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण हळूहळू म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग आला.

"उठलो होतो," आजोबा म्हणाले. "पाय पुरले नाहीत."

"पण गरज नाही असं म्हणालातच कसं तुम्ही?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

आजोबांनी आधी दम खाल्ला.

"दोन वर्षं झाली हे घरात येऊन. पोर घाबरते याच्या आवाजाला. दारातूनच 'जाते' म्हणते आणि पळते. आज पहिल्यांदा आत आली. इथे, अगदी पलंगाशी. वही काढून विचारलं, आजोबा, याची गरज आहे का? हो म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं, कशासाठी ते. मग ती पुन्हा दारातच."

बाईंना राग तर आला होता, पण तो काढायचा कुणावर? त्यांनी नळी उगाचच पुन्हा नीट केली.

"आज घरी आली की तिला खरं सांगा."

"घाबरेल हो ती."

"घाबरू दे," बाई म्हणाल्या. "मी काय कमी घाबरले? पण आले ना?"

खाली रस्त्यावर रुग्णवाहिका येऊन थांबल्याचा आवाज झाला.

"शाळा सुटली की तुम्हीपण या तिच्याबरोबर," आजोबा म्हणाले. "मला एकट्याला नाही जमायचं सांगायला."