आईच्या आवाजातला राक्षस

गोष्ट ऐन रंगात आली की तोडायची, ही गोष्टवाल्या मावशींची जुनी खोड. “पुढचं पुढच्या शनिवारी,” म्हटलं की वाचनालयातली पोरं हिरमुसायची आणि मावशी मनातून सुखावायच्या. आजही त्यांनी राक्षसाला दाराशी उभं करून गोष्ट थांबवली होती. हा राक्षस आईचा आवाज काढून हाक मारी आणि जो ओ देईल त्याला गिळून टाकी.

आणि आता ठमी सापडत नव्हती.

तिच्या आईला यायला जरा उशीर झाला, तेवढ्यात ही पाच वर्षांची पोर गडप. ग्रंथपाल रस्त्याकडे धावले, तिथे वाहनांची नुसती रीघ. आई कपाटांमागे, जिन्याखाली वाकून बघत होती. “ठमे, सोनुले, ये गं राणी! आई आलीय.” आवाज नुसता मधाळ, वर कापरा.

तो मधाळ आवाज ऐकून मावशींना आपला राक्षस आठवला. पोर बाहेर गेलेलीच नव्हती. इथेच कुठेतरी दडून बसली होती, आणि आई कितीही हाका मारो, ती ओ देणार नव्हती. हे तिला शिकवलं कुणी? आपणच!

त्या परत आपल्या गोष्टीच्या जागेवर जाऊन बसल्या. रिकाम्या सतरंजीकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, “तर मुलांनो, राक्षसाला सगळं जमायचं, पण रागावता काही यायचं नाही. तो आपला गोडगोड बोलायचा. रागवावं ते खऱ्या आईनंच!”

“मावशी, ही काय गोष्टी सांगायची वेळ आहे?” आई किंचाळली.

“अहो, रागवा तिला! रोज रागावता तश्शा!”

आईचा बांध फुटला. “कार्टे! चपला कुठे टाकल्यास? डबा पुन्हा तसाच आणलायस ना? थांब, चल तू घरी!”

कोपऱ्यातल्या बाहुल्यांच्या पेटीतून बारीक आवाज आला, “अर्धा खाल्लाय मी.”

पेटीला बाहेरून कडी लागलेली होती, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. ठमी आत शिरल्यावर झाकण आपटलं तेव्हा ती आपसूक बसली होती. मावशींनी कडी काढली. ठमी घामाने निथळत होती, ओठ पांढरेफटक. आई तिला छातीशी धरून रडत रडत रागावतच राहिली.

“मावशी,” ठमी धापा टाकत म्हणाली, “झाकण उघडतच नव्हतं. पण मी ओरडले नाही. राक्षसाला कळलं असतं ना?”

मावशी पेटीचा काठ धरून खाली बसल्या. “राक्षस मेला गं,” त्या म्हणाल्या, “आजच मेला, गोष्ट संपली.”