पाठीखालचं फडकं

नोलीनने जंतुनाशकाने वाटी काठोकाठ भरली आणि नव्या डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली.

"एवढं नको, सिस्टर. दोन चमचे पुरेत," लुपे म्हणाली. "पाण्यातलंच आहे ना? स्पिरिटवालं नको."

"बाटलीवरचं वाचता येतं मला."

काचपेटीतलं बाळ सकाळीच जन्मलं होतं, चोविसाव्या आठवड्यात, सहाशे ग्रॅमचं. कातडी दुधावरच्या सायीइतकी पातळ. नाळेतल्या धमनीत नळी घालायची होती. अशा नळ्या घालणारे डॉक्टर नोलीनने बावीस वर्षं पाहिले होते. ही टोंगा बेटांवरून आलेली लुपे मात्र आठ दिवसांत तिच्या डोक्यात गेली होती. काय तो सावकाशपणा! मूल बरं करायला आली होती की रांगोळी काढायला, कोण जाणे.

लुपे नाळेभोवती हलकेच बोळा टेकवत होती. नोलीनला राहवेना. तिनेही हातमोजे घातलेच होते. तिने दुसरा बोळा निथळता उचलला आणि पोटावरून कुशीपर्यंत फिरवला.

"असं करतात. नाजूकपणा घरी ठेवून यायचा."

लुपेने नळी उचलली. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. नोलीनला तेही आवडलं नाही. मग नळीत सोडायच्या सलाइनची पिशवी दोघींनी तपासायची होती, तर लुपेने लेबल मोठ्याने वाचलं.

"हेपरिन आहे, नळीत रक्त गोठणार नाही. साखर नाही. तुम्हीही वाचा."

"शाळेत आहोत का आपण?" नोलीनने नाक मुरडत वाचलं.

"आता बाळाला जरा उचला. पाठ बघू."

"का? तिथूनही नळी घालायचीय?"

पण तिने उचललं. पाठीखालचं फडकं गुलाबी जंतुनाशक द्रावणाने चिंब झालं होतं. वर, कमरेपाशी, लालभडक चट्टा. नोलीनने आपल्या निथळत्या बोळ्याकडे पाहिलं. लुपेने निर्जंतुक पाण्याने पाठ हळूहळू धुतली, टिपली, नवं फडकं अंथरलं. जुनं नोलीनच्या हातात राहिलं.

तेवढ्यात बाळाची आई, कार्लीन, चाकाच्या खुर्चीतून आत आली.

"द्रावण पाठीखाली साचलं, त्याने कातडी भाजलीय," लुपेने तिला सरळ सांगितलं. "नळी मी घालत होते. पाठ आधीच बघायला हवी होती. चूक माझी आहे."

कार्लीनने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती नजर नोलीनच्या चांगल्याच ओळखीची होती. आठवडाभर ती स्वतः तशीच बघत आली होती.

"कुठून कुठून येतात शिकायला, आणि माझंच लेकरू सापडतं!" कार्लीनचा आवाज फाटला. मग तिने नोलीनचा हात घट्ट धरला. "हिला पुन्हा हात लावू देऊ नका, सिस्टर. तुम्ही जुन्या, जाणत्या. सगळं तुम्हीच करा."

लुपे खाली मान घालून हातमोजे काढत होती. नोलीनच्या दुसऱ्या मुठीत ते ओलं फडकं अजून तसंच होतं.

"हे मीच केलंय," नोलीन म्हणाली.