चांदीच्या सुरईतली बाई

मर्सी टिलबर्न आता सत्तरीच्या झाल्या होत्या, तरी लंडनच्या त्या संग्रहालयाचा जिना चढताना त्यांना वाटत होतं, गच्चीवरच्या काचेच्या खोलीत कॅमेरा अजून आपली वाट बघत असणार. तिथे त्यांनी तेवीस वर्षं संग्रहातल्या वस्तूंचे फोटो काढले. आधी ते काम थोरल्या भावाचं, एडमंडचं. तो अचानक गेला आणि सुतकाचे काळे कपडे शिवून व्हायच्या आत बाई कामाला लागल्या. धुकं पडलं की दिवस फुकट, ऊन आलं की जेवणखाण विसरून नुसती धावाधाव. फोटो धुण्याच्या औषधांनी बोटं काळी पडायची ती पडायचीच. पण तसे सुखाचे दिवस त्यांना पुन्हा मिळाले नाहीत.

फोटोंच्या दालनात तरुण कारकून पेलम यांनी पेटी पुढ्यात ठेवली. प्रत्येक फोटोखाली नाव एकच, एडमंड टिलबर्न.

"हे माझे आहेत. नाव बदलून द्या."

"बाईसाहेब, असं कुणीही येऊन म्हणेल. पुरावा?"

"मग तेवीस वर्षं मी इथे काय गवत उपटत होते?"

"तसं नव्हे. पण कागद तरी हवा, नाहीतर फोटोतच काही दिसायला हवं."

बाई एकेक फोटो उलटत गेल्या आणि एका चांदीच्या सुरईपाशी थांबल्या. चकचकीत भांड्याचा फोटो काढायचा तर आधी त्यावर लांबीचा, म्हणजे खिडकीच्या काचा बसवायच्या लुकणाचा, पातळ हात फिरवून चमक घालवावी लागते, नाहीतर समोरचं सगळं त्यात उमटतं. हा फोटो काढला त्या दिवशी ऊन पळत होतं, बाईंनी घाईत लांबी लावलीच नाही. फोटो बघून संग्रहालयाच्या साहेबांनी चारचौघांत झापलं आणि बाई जिन्यात जाऊन रडल्या होत्या.

"भिंग घ्या," त्या म्हणाल्या.

पेलम वाकले. "सुरईच्या पोटात कोणी बाई दिसतेय. भावाने मोलकरणीला उभं केलं असेल."

"कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी कुणाच्या हातात आहे? ती जो काढतो, फोटो त्याचा."

पेलम यांनी भिंग पुन्हा सुरईवर धरलं. मग त्यांनी एडमंडचं नाव खोडून खाली मर्सी टिलबर्न असं लिहिलं.

"आता पुढचा दाखवा," पेलम उत्साहाने म्हणाले. "तुम्ही दिसता असा."

बाईंनी पेटीकडे पाहिलं. शेकडो फोटो, आणि एकाही भांड्यात कुणाचं प्रतिबिंब नाही.

"पुढचा नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं काम मी नीट केलं."