पायऱ्या चढून आलेला चमत्कार

गरम झऱ्यांच्या आमच्या गावात त्या रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. कर्करोग बरा करतो म्हणणारे कुरोबे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, खाली आपले ‘जागृतीजल’ पाजत. मग देवाचे आभार मानायला पायऱ्या चढायच्या, कारण आमच्याकडे आभार पायांनीच मानतात. पाणी पिण्याआधी खाली रक्त काढायचे, चढून गेल्यावर वर पुन्हा. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर आधी तुरळक तांबडे ठिपके दिसत, नंतर त्यांचा सडा पडे. प्रत्येक ठिपका म्हणजे कर्करोगाच्या पेशी टिपणारी मारेकरी पेशी. “झोपलेले सैन्य जागे झाले,” सेन्सेई डोळे मिटून सांगत. बायका हात जोडत, आणि हजामत अर्धी टाकून मीही बघत उभा.

मला हसू आले असते, पण माझी थोरली बहीण तोमोए रांगेत होती. तिला स्तनाचा कर्करोग. सोमवारपासून इस्पितळात उपचार सुरू व्हायचे होते, आणि हे पाणी असताना आपण जाणार नाही, असे तिने जाहीर केले होते.

मी दवाखान्यातल्या ओगिवारा डॉक्टरीणबाईंना ओढून आणले. त्यांनी सर्वांसमक्ष विनंती केली, की तोमोए आजारी आहे, तिला पाणी द्या पण बसूनच राहू द्या. आणि या न्हाव्याला नुसता सातूचा चहा पाजून वर पिटाळा. गर्दीपुढे सेन्सेईंना नाही म्हणता येईना.

मी धापा टाकत वर पोचलो, रक्त दिले आणि खाली आलो. माझ्या रक्तात ठिपकेच ठिपके! पाणी पिऊन बसलेल्या ताईच्या रक्तात मात्र आधी होते तेवढेच तुरळक.

“श्रद्धा कमी पडली,” सेन्सेई म्हणाले.

“माझी कमी, आणि याची जास्त?” ताई म्हणाली. “हा देवळात येतो तो जत्रेतलं भाजलेलं माकूल खायला.”

लोक हसले. मग बाईंनी समजावले. मारेकरी पेशी सगळ्या सारख्या नसतात. शत्रू-मित्र ओळखणारे रिसेप्टर प्रत्येकीच्या अंगावर वेगवेगळे. ज्यांच्यावरचा रिसेप्टर इथे तांबडा चमकतो, त्या जाणत्या पेशी एरवी प्लीहेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात. धाप लागली की सुटून रक्तात येतात.

“उत्सवाचा ढोल वाजला की सगळं गाव रस्त्यावर येतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून गावाची वस्ती वाढते का?”

मी सावलीत निवांत बसलो आणि पुन्हा रक्त दिले. ठिपके आपापल्या घरी गेले होते. सेन्सेईंनाही एकाएकी घर आठवले.

सोमवारी सकाळी ताई पिशवी घेऊन माझ्या दारात उभी होती. “गाडी काढ,” म्हणाली. “आणि रस्ताभर टोमणे मारू नकोस.”

लोकहो, पाणी प्या, पायऱ्या चढा, देवाला नमस्कारही करा. पण कोणी आधीचे आणि नंतरचे चित्र दाखवले, तर मधल्या वेळात त्याने तुम्हाला काय करायला लावले, तेवढे जरूर विचारा.